वाटा, वाटणी आणि वाटप : अपुऱ्या साधनांच्या विभागणीची मराठी शब्दसंपदा

प्रास्ताविक

विभागणे या अर्थाच्या ‘वाटणे’ या धातूपासून मराठीत ‘वाटा’, ‘वाटणी’, ‘वाटप’, ‘वाटेकरी’ असे अनेक शब्द सिद्ध झाले आहेत. शब्दकोशात ते शेजारी शेजारी उभे असतात आणि एकाचा अर्थ दुसऱ्याच्या साहाय्याने सांगितला जातो. व्यवहारात मात्र ते एकमेकांच्या जागी येत नाहीत. भावाभावांत जमिनीची वाटणी होते. पूरग्रस्तांना धान्याचे वाटप होते. पूरग्रस्तांमध्ये धान्याची ‘वाटणी’ झाली असे म्हटले, तर ते धान्य मुळात त्यांचेच होते असा अर्थ ध्वनित होतो. वस्तू तीच, अपुरेपणाही तोच; बदलते ते घेणाऱ्याचे स्थान.

साधने विपुल असताना ही शब्दसंपदा फारशी वापरात येत नाही. विहिरीला पाणी भरपूर असेल तर ‘पाळी’ लावावी लागत नाही. कणगी भरलेली असेल तर भाकरीचा ‘चतकोर’ मोजावा लागत नाही. टंचाईच्या काळात मात्र प्रत्येक समाजाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : मोजायचे कोणाला, आणि मोजून द्यायचे कोणी? मराठीने ही उत्तरे आपल्या शब्दांत कशी नोंदवली आहेत, याचा शोध घर, गाव, शासन आणि पाणी या चार क्षेत्रांतील प्रचलित शब्दांच्या आधारे घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. व्युत्पत्तीपेक्षा येथे प्रयोगावर, म्हणजे शब्द वाक्यात कोणत्या क्रियापदासह आणि कोणत्या कर्त्यासह येतो यावर, अधिक भर दिला आहे.

‘घेणे’ आणि ‘देणे’

‘वाटणे’ हा धातू सहायक क्रियापद घेऊन येतो तेव्हा त्याचे दोन स्वभाव स्पष्ट होतात. ‘वाटून घेणे’ या प्रयोगात वाटणारा स्वतः घेणाऱ्यांपैकी एक असतो. ‘वाटून देणे’ या प्रयोगात तो रांगेच्या बाहेर उभा असतो. ‘एक तीळ सात जणांनी वाटून खावा’ ही लोकोक्ती पहिल्या प्रकारची आहे. तिळाएवढ्या वस्तूचे सात भाग होणे अशक्यप्राय. पण लोकोक्तीचा भर तिळाच्या आकारावर नसून सात जणांच्या समान स्थानावर आहे. तीळ कोणी आणला, हे ती सांगत नाही आणि विचारतही नाही.

‘वाटणी’ आणि ‘वाटप’ यांतील भेद याच धर्तीचा आहे. वाटणीत वाटेकरी असतात. वाटपात वाटप करणारा असतो आणि ज्यांना वाटप होते ते असतात. न्यायालयीन मराठीत एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसंबंधी ‘वाटपाचा दावा’ हा प्रयोग रूढ आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु भाऊबंदांना आपापसांत वाटून घेता आले नाही आणि तिसऱ्या सत्तेकडे जावे लागले, तेव्हाच हा दावा उभा राहतो. हे उदाहरण वरील भेद खोडत नाही, उलट तो अधिक स्पष्ट करते.

विभागणीचे शब्द दैवाच्या क्षेत्रातही शिरले आहेत. ‘भाग्य’ हा शब्द ‘भाग’ या शब्दाशी सगोत्र आहे. अरबीतून आलेल्या ‘नशीब’ या शब्दाचा मूळ अर्थ वाटा असा आहे, आणि ‘किस्मत’ या शब्दामागेही विभागणीचीच कल्पना आहे. ‘तिच्या वाट्याला दुःख आले’ या वाक्यात दुःख कोणी वाटले, हे सांगण्याची सोयच नाही. माणसांनी केलेली विभागणी दैवाने केली असे भासवण्याची शक्ती या प्रयोगात आहे. म्हणूनच ‘वाट्याला येणे’ हा वाक्प्रचार समीक्षकाने सावधपणे वाचावा लागतो.

घर : पुरवणे आणि पंक्तिप्रपंच

घरातील टंचाईचा मुख्य शब्द ‘पुरवणे’ हा आहे. ‘पुरणे’ म्हणजे पुरेसे होणे. जे आपोआप पुरत नाही, ते पुरवावे लागते. ‘पीठ पुरवून पुरवून वापरले’ या वाक्यातील द्विरुक्तीत महिनाअखेरीचे सगळे गणित आले. याच धातूपासून ‘पुरवठा’ हा शासकीय शब्द तयार झाला आहे. मात्र पुरवठा विभागातील ‘पुरवठा’ म्हणजे बाहेरून आणून देणे, आणि स्वयंपाकघरातील ‘पुरवणे’ म्हणजे आहे त्यात स्वतः कमी घेऊन भागवणे. एकाच धातूच्या या दोन अर्थांमध्ये घरातील स्त्रीचे अदृश्य श्रम उभे आहेत.

घराच्या मोजमापांत ‘अर्धी’, ‘चतकोर’, ‘कोरभर’ असे शब्द आहेत. चतकोर म्हणजे भाकरीचा चौथा भाग. जिला अपूर्णांकाचे नाव ठाऊक नाही ती गृहिणीही हा अपूर्णांक दररोज हाताने मोडत असते. या मोडणीत पक्षपात झाला तर त्यासाठी मराठीजवळ ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्यांना वाढताना एकाला अधिक व दुसऱ्याला कमी वाढणे, हा दोष आहे असे तो शब्दच सांगतो. ‘डावे-उजवे करणे’, ‘झुकते माप देणे’, ‘हात राखून वाढणे’ हे वाक्प्रचारही त्याच कुळातले.

परंतु पंक्तिप्रपंचाची तक्रार पंगतीत बसलेलाच करू शकतो. वाढणारी स्त्री पंगतीत नाही. तिच्यासाठी ‘उरलेसुरले’ असा वेगळा शब्द आहे. उरलेसुरले हा वाटा नव्हे, कारण वाटा आधी ठरतो आणि हे नंतर कळते. जे नंतर उरते त्यात कमी-अधिक झाले असे म्हणताच येत नाही, म्हणून अन्यायाचा शब्दही तिथपर्यंत पोहोचत नाही.

मालमत्तेच्या क्षेत्रात हीच गोष्ट ‘वाटणी’ या शब्दाने घडवली. वाटणी भावांची, बहिणीसाठी ‘माहेरचा आहेर’. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिक मानले. कायद्याने वाटा दिल्यावर व्यवहारात ‘हक्कसोड’ या शब्दाचे महत्त्व वाढले. ‘हक्कसोडपत्र’ हा विलक्षण प्रामाणिक शब्द आहे : हक्क आहे याची कबुली आणि तो सोडला याची नोंद, दोन्ही त्यात एकत्र येतात.

गाव : बलुते, हक्क आणि मागणे

गावाच्या पातळीवर विभागणीचा मध्यवर्ती शब्द ‘बलुते’ हा होता. कारू-नारूंनी वर्षभर केलेल्या कामाबद्दल सुगीच्या वेळी शेतकऱ्याने धान्याचा ठरावीक भाग द्यावयाचा, अशी ही रीत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार चित्रण आढळते. तत्त्वतः बलुते हे दान नव्हते. तो कामाचा मोबदला होता आणि त्याला ‘हक्क’ हाच शब्द लावला जात असे. महार समाजाच्या ‘बावन्न हक्कां’ची परंपरा सर्वज्ञात आहे.

प्रश्न आहे तो या हक्काच्या क्रियापदाचा. बलुते ‘मागायला’ जावे लागे. खळ्याच्या कडेला उभे राहून, देणाऱ्याची मर्जी सांभाळून, तो जे माप घालील ते पदरात घ्यावे लागे. नाम हक्काचे आणि क्रियापद याचनेचे, अशी ही रचना होती. हक्काच्या बदल्यात कोणते काम करायचे हे जातीने ठरवले होते. ते नाकारण्याचा हक्क मात्र त्या बावन्नांत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे हीच जाणीव होती. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली.

दया पवार यांच्या आत्मकथनाचे ‘बलुतं’ (१९७८) हे शीर्षक या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. धान्याच्या वाट्याचे नाव येथे जन्माबरोबर पदरी आलेल्या दुःखाच्या वाट्याला दिले आहे. वर उल्लेखिलेल्या ‘वाट्याला येणे’ या दैवाच्या भाषेपेक्षा ही भाषा वेगळी आहे. बलुते दैव देत नाही, गाव देतो. त्यामुळे हे दुःख कोणी मोजून दिले, हा प्रश्न शीर्षकातच विचारला जातो. दलित आत्मकथनांनी मराठीला नवे शब्द दिले, असे नेहमी म्हटले जाते. जुन्या शब्दांतील लपलेला कर्ता उघडा करणे, हे त्यांचे कार्यही तितकेच महत्त्वाचे मानावे लागेल.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीतील धान्याच्या लुटीचा प्रसंगही याच दृष्टीने पाहता येतो. उपासमारीने खंगलेल्या माणसांसाठी धान्य लुटून आणले जाते व ते त्यांच्यापर्यंत पोहोचवले जाते. फकिरा हा येथे दाता नाही. तो त्याच भुकेल्यांपैकी एक आहे. म्हणून या कृतीला ‘वाटप’ म्हणणे मनाला पटत नाही. ही ‘वाटणी’ आहे, आणि ती आजवर झाली नव्हती म्हणून लूट करावी लागली.

शासन : शिधा, रास्त, स्वस्त, मोफत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि ‘रेशन’ व ‘कंट्रोल’ हे दोन शब्द मराठीत कायमचे स्थिरावले. ‘कंट्रोलचे दुकान’ हा प्रयोग नियंत्रण उठल्यावरही टिकून राहिला. ‘रेशन’ या शब्दाच्या लॅटिन मुळाशी हिशेब आणि प्रमाण या कल्पना आहेत. शासकीय मराठीने मात्र त्यासाठी ‘शिधा’ हा शब्द स्वीकारला : शिधापत्रिका, शिधावाटप अधिकारी. शिधा म्हणजे ब्राह्मणाला, अतिथीला किंवा वाटसरूला द्यावयाची कोरडी, न शिजवलेली सामग्री. प्रतिशब्द शोधताना हिशेबाच्या शब्दाऐवजी दानाचा शब्द निवडला गेला. हेतू निर्मळ असेल. परिणाम असा झाला की नागरिकाच्या हाती असलेल्या पत्रिकेचे नावच त्याला याचकाच्या जागी उभे करते. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल देण्याची योजना आणली, तिचे ‘आनंदाचा शिधा’ हे नाव या परंपरेशी सुसंगतच होते.

दुकानाच्या पाटीवरील विशेषणेही अभ्यासण्याजोगी आहेत. ‘रास्त भाव दुकान’ आणि ‘स्वस्त धान्य दुकान’ ही दोन्ही नावे महाराष्ट्रात वापरली जातात. फारसीतून आलेल्या ‘रास्त’ या शब्दात योग्यतेचा, न्यायाचा अर्थ आहे. ‘स्वस्त’ हा शब्द न्यायाविषयी काहीच बोलत नाही, तो केवळ किंमत सांगतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरडधान्य १ रुपया किलो असा दर ठरवला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य ‘मोफत’ झाले. भुकेल्या माणसाच्या दृष्टीने हा बदल निश्चितच उपकारक आहे, आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु रास्त, स्वस्त आणि मोफत हे तीन शब्द एका ओळीत ठेवले, तर किंमत उतरत जाताना देणाऱ्याचे औदार्य वाढत गेल्याचे दिसते. रास्त भावात ग्राहक आणि दुकानदार समोरासमोर असतात. मोफत धान्यात फक्त दाता उरतो, आणि पिशवीवर छायाचित्रही त्याचेच असते.

त्याच अधिनियमाने धान्य मिळणे हा पात्र व्यक्तीचा कायदेशीर अधिकार मानला आहे. तरीही शासन निर्णयांपासून वृत्तपत्रांपर्यंत त्या व्यक्तीसाठी सर्रास वापरला जाणारा शब्द आहे ‘लाभार्थी’, म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. ‘विद्यार्थी’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे, पण विद्या मागण्यात कमीपणा नाही. हक्काच्या वस्तूची इच्छा धरावी लागत नाही, ती घ्यावयाची असते. बलुत्याच्या बाबतीत जी विसंगती नाम आणि क्रियापद यांत होती, ती येथे कायदा आणि शासननिर्णय यांच्या भाषेत पुन्हा अवतरली आहे.

लाभार्थ्यांच्या कमाल संख्येला शासकीय मराठीत ‘इष्टांक’ म्हणतात. महाराष्ट्रासाठी तो सुमारे ७ कोटी आहे. ही संख्या वस्तुतः मर्यादा आहे. तिच्या बाहेर राहिलेल्या गरजूला ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. त्याच्या दृष्टीने जे अनिष्ट, त्याचे नाव ‘इष्ट’ आहे. कोणी तरी नाही म्हटले, असे या वाक्यात कुठेच दिसत नाही. संख्या संपली एवढेच कळते.

घरटी, माणशी, एकरी

विभागणीच्या भाषेतील सर्वांत महत्त्वाचे शब्द बहुधा सर्वांत लहान असतात. ‘घरटी’, ‘माणशी’, ‘एकरी’ हे ते शब्द. वाट्याचे एकक कोणते, हे एकदा ठरले की न्यायाचा निम्मा निवाडा झालेला असतो. अन्न सुरक्षा अधिनियमानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य आहे, तर अंत्योदय कुटुंबांना घरटी ३५ किलो. सात माणसांच्या घरात दोन्ही हिशेब सारखे येतात. घरात आठ माणसे असतील तर प्राधान्य कुटुंबाला ४० किलो मिळतील आणि अधिक गरीब मानल्या गेलेल्या अंत्योदय कुटुंबाला ३५ किलोच. लहान कुटुंबाला घरटी हिशेब लाभदायक ठरतो हे खरे. मोठ्या कुटुंबाला मात्र ‘अंत्योदय’ या उदात्त शब्दापेक्षा ‘घरटी’ हा साधा शब्द अधिक महाग पडतो.

पाण्याच्या क्षेत्रात हे अधिक ठळकपणे दिसते. पूर्वापार पाणी ‘एकरी’ मोजले जाते; ज्याची जमीन जास्त त्याचे पाणी जास्त, आणि ज्याला जमीन नाही तो हिशेबातच नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाणी ‘माणशी’ मोजले गेले : कुटुंबातील माणसे किती यावर पाणी ठरले, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला आणि उसाला पाणी नाही असा नियम झाला. एका शब्दाच्या बदलात एक सामाजिक क्रांती सामावलेली होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

पाण्याच्या जुन्या शब्दांत ‘पाळी’ हा शब्द सर्वांत लोकशाहीवादी आहे. ‘माझी पाळी’ असे म्हणणारा तुझीही पाळी मान्य करतो. कालव्यावरील ‘शेजपाळी’त शेजाराचा ध्वनी आहे. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील शेती फडांत विभागलेली असते, एका फडात एकच पीक घेतले जाते व पाणी देण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करतो. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे. तूट अशा रीतीने एकट्यावर पडत नाही. तरीही फडात ज्याची जमीन नाही तो या सहमतीत नाही, हे विसरता येत नाही.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमानंतर ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. दक्षिण महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्यांच्या चळवळींनी त्याला लोकांच्या तोंडी बसवले. ‘वाटप’ या शब्दाला ‘समन्यायी’ हे विशेषण जोडावे लागले, हेच बोलके आहे. गोदावरी खोऱ्यात वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा वाद होतो तेव्हा खालचे लोक ‘हक्काचे पाणी’ म्हणतात आणि वरचे लोक ‘पळवलेले पाणी’. दोन्ही बाजूंना ‘वाटा’ हा शब्द सुचत नाही, कारण वाटा म्हणताच दुसऱ्याचाही वाटा मान्य करावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात :

१. मराठीतील विभागणीच्या शब्दांचे दोन गट पडतात. ‘वाटणी’, ‘वाटा’, ‘पाळी’ या गटात घेणारे परस्परांचे भागीदार असतात. ‘वाटप’, ‘शिधा’, ‘लाभार्थी’ या गटात देणारा वर आणि घेणारा खाली असतो.

२. पहिला गट निर्दोष नाही. वाटणीतून मुलगी, पंगतीतून गृहिणी आणि फडातून भूमिहीन वगळलेले होते, तर बलुत्यात हक्काला याचनेचे रूप आले होते. ज्यांना मोजले त्यांना प्रतिष्ठा मिळाली. पण मोजले थोड्यांनाच.

३. दुसरा गटही सर्वस्वी त्याज्य नाही. शासनाच्या यादीने जात, लिंग वा जमीन न पाहता माणसे मोजण्याचा प्रयत्न केला. २०१३ च्या अधिनियमाने तर अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानले. जी घरात उरलेसुरले खात होती, तिचे नाव यादीत पहिले आले. मात्र ज्या भाषेत ते आले, ती भाषा तिला ‘लाभार्थी’ म्हणते.

म्हणून जुन्या शब्दांकडे परत जावे, असे प्रस्तुत लेखिकेचे म्हणणे नाही. ते गावगाड्याकडे परत जाणे ठरेल. आधुनिक राज्याने मोजणीचा पैस विस्तारला आहे; त्या विस्तारलेल्या मोजणीला वाटणीचे व्याकरण मिळणे ही आजची गरज आहे. शासन निर्णयात ‘लाभार्थी’ऐवजी ‘हक्कदार’ लिहिले गेल्याने धान्याचे माप एका दाण्यानेही वाढणार नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु माप कमी भरले तर ‘लाभार्थी’ आभार मानून घरी जातो आणि ‘हक्कदार’ पुन्हा मोजायला सांगतो. रेशनच्या दुकानात काटा मारला जातो, तेव्हा या फरकाची किंमत किलोग्रॅममध्येच मोजता येते.